उष्ट्याची बादली आणि ताणकाटा

सप्टेंबर महिना आला की राष्ट्रीय पोषण माहाच्या सूचना शाळेत येऊन पोहोचतात आणि मग प्रभातफेरी, घोषवाक्ये, कडधान्यांची रांगोळी, तक्ते असा ठरलेला कार्यक्रम पार पडतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या डोंगराकडच्या भागात एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत मी शिकवते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा होतो, हे आमच्या चौथीच्या मुलांना तोंडपाठ होते. आणि तीच मुले दुपारी खिचडीतली मेथीची पाने वेचून ताटाच्या कडेला लावत होती. पाठांतर आणि ताट यांच्यातले हे अंतर कमी करण्यासाठी आम्ही जे उपक्रम केले, त्यांपैकी काय लागू पडले आणि काय पडले नाही, हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

शाळेत शिजणारा पोषण आहार हाच आमच्या हाताशी असलेला सर्वांत मोठा पाठ आहे, असे मला वाटत आले आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची ही योजना सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजवलेलेच अन्न देण्याचा आदेश दिल्यानंतर शाळाशाळांतून चुली पेटल्या, आणि २०२१ मध्ये योजनेचे नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे झाले. नावे कितीही बदलली तरी मुलांच्या आणि पालकांच्या तोंडी ती ‘खिचडी’च आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल वापरावे, असे प्रमाण आहे. हे प्रमाण पातेल्यात पडते; ते मुलाच्या पोटात किती जाते, याची नोंद मात्र कोणत्याच रजिस्टरमध्ये नसते. चवीची नोंदवही असते, शिल्लक धान्याची असते, लाभार्थींची असते. उष्ट्याची नसते.

म्हणून आम्ही उष्टे मोजायला सुरुवात केली. जेवणानंतर ताटात जे उरेल ते बादलीत टाकायचे, विज्ञानाच्या पेटीतला ताणकाटा घ्यायचा, बादलीचे वजन वजा करायचे आणि आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा, हे काम चौथी-पाचवीच्या मुलांकडे दिले. कोणाच्या ताटात किती उरले हे पाहायचे नाही, फक्त सगळ्यांचे मिळून किती, एवढाच नियम होता. नाही तर उपक्रमाची चहाडी व्हायला वेळ लागत नाही. आठवड्याच्या शेवटी मुले त्या आकड्यांचा स्तंभालेख काढत. गणिताच्या तासाला पुस्तकातल्या क्रिकेटच्या धावांपेक्षा हा आलेख त्यांना जास्त आवडे, कारण त्यावर वाद घालता येत असे.

वादातूनच पहिली खरी गोष्ट पुढे आली. मूगडाळीच्या खिचडीच्या दिवशी बादली हलकी असे, मटकीच्या दिवशी मध्यम, आणि वाटाण्याच्या दिवशी हमखास जड. मुलांना वाटाणा आवडत नाही, असा आम्हा शिक्षकांचा समज होता. कारण विचारल्यावर पाचवीतल्या एका मुलीने ताटातला वाटाणा दोन बोटांत धरून दाबून दाखवला. त्याची साल सरकली, पण आतला दाणा तसाच टणक राहिला. “बाई, हा चावतच नाही,” एवढेच ती म्हणाली. नावड नव्हती, दाणा कच्चा होता. पांढरा वाटाणा निदान आठ-दहा तास भिजल्याशिवाय नीट शिजत नाही, आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशी सकाळी शाळेत आल्यावर तो कोमट पाण्यात घालत. आदल्या रात्री भिजवायचा तर धान्य शाळेच्या कुलपात आणि मावशी घरी. धान्य घरी नेणे नियमात बसत नाही. शेवटी शाळा सुटण्यापूर्वी दुसऱ्या दिवसाचे कडधान्य मोजून, धुऊन, पाण्यात घालून झाकून ठेवायचे ठरले. या कामात तिसरीची मुले पाळीपाळीने मावशींना मदत करतात. सकाळी दाणा फुगून दुप्पट झालेला त्यांना दिसतो, दुसऱ्या दिवशी मोड दिसतात, आणि मोड आल्यावर पचायला हलके होते, ‘क’ जीवनसत्त्व वाढते, हे सांगायला मग तक्ता लागत नाही. वाटाण्याच्या दिवसाचा स्तंभ हळूहळू इतरांच्या बरोबरीला आला.

भाजीचे मात्र एवढे सोपे नव्हते. पाने वेचून काढणारी मुले सगळ्या वर्गांत होती आणि त्यांना दटावून काही होत नव्हते. काही पालकांनी सुचवले की भाजी अगदी बारीक चिरून दिसणार नाही अशी घाला. मला तो मार्ग पटला नाही. लपवून घातलेली भाजी पोटात जाते हे खरे, पण मूल ती खायला शिकत नाही, आणि एक दिवस ते त्याच्या लक्षात आले, तर त्याचा खिचडीवरचाच विश्वास उडतो. त्याऐवजी आम्ही भाजीचे काम मुलांच्या हाती दिले. पहिली-दुसरीची मुले मेथी निवडू लागली, लसूण सोलू लागली, शेवग्याचा पाला ओरबाडून देऊ लागली. विळी आणि गॅस अर्थातच मोठ्यांकडे. आपण निवडलेली मेथी ताटात आली की सहा-सात वर्षांचे मूल ती शेजारच्याला दाखवते, आणि दाखवता दाखवता खाते. सगळीच खातात असे नाही. पण दुसरीतला एक मुलगा, जो हिरवे काही दिसले की ताट पुढे सरकवायचा, तो स्वतः निवडलेल्या दिवशी थोडी खाऊ लागला आणि इतर दिवशी नाही. हा फरक मला फार बोलका वाटला.

शाळेच्या मागे परसबाग आधीपासून होती, म्हणजे कुंपण होते आणि पाटी होती. तिला जिवंत ठेवण्यातली अडचण पाण्याची. आमच्याकडे पावसाळ्यात धो धो पाऊस आणि फेब्रुवारीनंतर टँकरची वाट, अशी तऱ्हा आहे. हात धुण्याच्या नळाखालचे पाणी चर काढून वाफ्यांकडे वळवले, तेव्हा एकाच कामात दोन साधले : जेवणाआधी हात धुणे टाळणाऱ्यांवर आता वाफा सांभाळणारी मुलेच लक्ष ठेवतात, कारण हात धुतले नाहीत तर त्यांच्या वाफ्याला पाणी मिळत नाही. साबण पुरेसा पातळ आणि थोडा असेल, तर पिकाला फारसा त्रास होत नाही. तरी त्या चराच्या तोंडाशी आम्ही केळी आणि अळू लावले आहे, आणि पालेभाजीचे वाफे पुढे आहेत. मेथी, पालक, मुळा, अंबाडी, घेवडा, कुंपणाला दुधी आणि डांगर, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता, एवढे नेमाने येते. शेळ्या दोनदा आत शिरल्या, तेव्हा मुलांनी केलेला आक्रोश ऐकून गावातले लोक धावत आले होते.

बियाणे विकत आणायचे नाही, घरातून मागून आणायचे, असे मुलांना सांगितले होते. याला आमच्या तालुक्यात वेगळेच बळ आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली आणि त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. त्यामुळे आजीच्या मडक्यातले, राखेत घोळून ठेवलेले वालाचे बी शाळेत आणताना मुलाला कमीपणा वाटत नाही. प्रत्येकाने बियाबरोबर एक चिठ्ठी आणायची : बी कोणी दिले, कधी पेरायचे, त्याची भाजी घरी कशी करतात. या चिठ्ठ्यांची वही झाली आहे. घेवड्याच्या एकाच नावाखाली किती वेगवेगळे दाणे येतात, हे मलाही त्या वहीमुळे कळले. काळा, तांबडा, ठिपक्यांचा, एकाला डोळा तर एकाला नाही.

घरच्या अन्नाविषयीचा संकोच हा आमच्या भागातला मोठा प्रश्न आहे. त्याविषयी परिपत्रकांत काही नसते. नाचणीची काळसर भाकरी डब्याच्या झाकणाआड धरून खाणारी मुले मी पाहिली आहेत. शेजारी कोणी तयार खाऊचे पाकीट फोडले असेल तर ती आणखी आड धरली जाते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहाच्या आतबाहेर, हे आकडे मी फळ्यावर लिहिले, तेव्हा मुलांनी ते वहीत उतरवून घेतले आणि झाकण काही बाजूला झाले नाही. बदल झाला तो आज्यांमुळे. ऑगस्टमध्ये रानभाज्यांचा दिवस ठरवून आम्ही गावातल्या जाणत्या बायकांना शाळेत बोलावले. कुर्डू, भारंगी, चाईचा मोहोर, तेरा, करटोली अशा भाज्या त्यांनी घोंगडीवर मांडल्या आणि मुलांना समोर बसवून एकेक पान हातात दिले.

त्या दिवशी शिक्षक म्हणून मी फक्त ऐकत होते. कुर्डूचा कोवळा शेंडाच का खुडायचा, तुरा आल्यावर पान का घ्यायचे नाही. भारंगीचा पाला उकडून, पिळून, कडू पाणी फेकून मगच परतायचा. तेऱ्याला चिंच किंवा काही आंबट हवेच, नाही तर घसा खाजतो. एक आजी सारखी बजावत होत्या, “वळखू आली नाही तर हात लावायचा नाही रं पोरांनो.” हा नियम आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून लावला, कारण रानभाजीच्या उत्साहात मुले एकटी रानात जाऊन काहीबाही तोडून आणतील, ही भीती खरी आहे. भाजी आणायची ती घरच्या मोठ्या माणसाबरोबर, आणि शाळेत शिजवायची ती त्या बायकांनी पाहिल्यावरच. भारंगीची भाजी हरभऱ्याची डाळ घालून झाली, नाचणीच्या भाकरी शाळेच्या अंगणात तीन दगडांवर भाजल्या गेल्या, आणि ज्या मुलाच्या आजीने भाकरी थापल्या तो दिवसभर तिच्या मागेपुढे करत होता. त्यानंतर डबे उघडे दिसू लागले. सगळे नाही, पण बरेच.

आता पाकिटांविषयी. शाळेत येणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या मुठीत पाच रुपयांचे नाणे असते, कारण आई-वडील पहाटेच मजुरीला निघतात आणि नाणे देणे हा त्यांचा मायेचा मार्ग आहे. पाकीट सकाळी पोटात गेले की दुपारी भूक मरते आणि उष्ट्याची बादली जड होते. हा संबंध मुलांनी स्वतःच आलेखावरून काढला. शाळेपासून पन्नास मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा २०२० सालचा नियम आहे. पण आमच्याकडचा दुकानदार आमच्याच शाळेतल्या दोन मुलांचा बाप आहे, आणि त्याच्यापुढे नियम वाचून दाखवण्याआधी मुलांना पाकीट वाचता यावे, असे मला वाटले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सतरा मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांतली शेवटची सूचना हीच आहे : पाकिटावरची माहिती वाचून निवड करा.

मुलांनी रिकामी पाकिटे जमवली. माहिती बहुधा इंग्रजीत आणि मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत असते, पण आकडे वाचता येतात, आणि साखर, मीठ, तेल यांची इंग्रजी नावे तेवढी फळ्यावर लिहून दिली. घटकपदार्थांच्या यादीत जो सर्वांत जास्त तो पहिला, हे कळल्यावर मुले पाकिटे उलटी करून पहिले नाव शोधू लागली. पुढे साखरेचा प्रयोग केला. दोनशे मिलिलीटर शीतपेयाच्या बाटलीवर शंभर मिलिलीटरला साधारण अकरा ग्रॅम साखर असे लिहिलेले होते. म्हणजे बाटलीत बावीस ग्रॅम, आणि चहाचा सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तर साडेपाच चमचे. ती साखर एका मुलाने चमच्याने मोजून काचेच्या पेल्यात घातली. मोजताना वर्गात आधी हसू होते, चौथ्या चमच्यानंतर कुजबूज सुरू झाली. मग कोणीतरी विचारले की घरच्या चहाचे काय, आणि आम्हाला चहाचाही हिशेब करावा लागला. तो हिशेब मला अवघड गेला, कारण आमच्याकडे पहाटेचा चहा आणि त्यात बुडवलेला बटर हाच पुष्कळ मुलांचा नाश्ता असतो.

चहाची गोष्ट निघाली ती बरे झाले. पहिली ते पाचवीच्या मुलांना आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी दिली जाते. चहामुळे अन्नातले आणि गोळीतले लोह कमी अंगी लागते, आणि लिंबू-आवळ्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे ते जास्त लागते. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळावा, ही साधी गोष्ट मुलांनी घरी सांगितली, आणि पालक सभेत दोन-तीन आयांनी स्वतःहून त्याविषयी विचारले. हिवाळ्यात खिचडीच्या दिवशी लिंबाची फोड किंवा मिठातला आवळा देण्याची प्रथा तेव्हापासून पडली. आवळे पालकांच्या बांधावरचेच.

प्रथमोपचार पेटीतल्या आयोडिनचा प्रयोगही मुलांच्या लक्षात राहिला. पाण्यात पातळ केलेल्या आयोडिनचा थेंब बटाटा, भात, भाकरी, पाव, काकडी आणि शेंगदाणा यांवर टाकायचा. जिथे निळा-काळा रंग उमटेल तिथे पिष्ट. पुंगळ्या-चिप्स कागदावर दाबून ठेवायच्या. कागद उजेडात धरल्यावर पारदर्शक डाग दिसला तर तेल. प्रयोगातले पदार्थ खायचे नाहीत, ते थेट खड्ड्यात टाकायचे, हे आधी बजावावे लागते. एका मुलाने घरी चहाबरोबरच्या खारीवर कागद दाबून पाहिला आणि तो तेलकट कागद दप्तरातून आणून मला दाखवला. असे न सांगता केलेले प्रयोग मी वर्गातल्या प्रयोगांपेक्षा महत्त्वाचे मानते.

बाल आनंद मेळाव्यात मुले खाऊचे गाळे लावतात. त्यात तयार पाकिटे विकायची नाहीत आणि प्रत्येक गाळ्यावर पदार्थात काय काय घातले हे लिहायचे, एवढ्या दोन अटी घातल्या. उकडलेली शेंग, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, काकडीचे काप, थालीपीठ असे पदार्थ आले. सर्वांत जास्त नफा पाणीपुरीच्या गाळ्याने कमावला, हेही सांगायला हवे.

वजन-उंची घेताना आम्ही एक पथ्य पाळतो : आकडा मोठ्याने वाचायचा नाही. मुलाला एकट्याला दाखवायचा, वहीत लिहायचा, आणि वजन फारच कमी वाटले तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते तेव्हा डॉक्टरांच्या नजरेस आणायचे. ‘काडीपैलवान’ आणि ‘भोपळा’ ही नावे पडायला एक वाचन पुरते. त्याचप्रमाणे, ‘घरी काय खाल्ले’ हा प्रश्न मी वर्गात सगळ्यांसमोर विचारत नाही. दिवाळीनंतर आमच्याकडची कित्येक कुटुंबे ओतूर-नारायणगावच्या बाजूला मजुरीसाठी उतरतात. कोणी मूल बरोबर नेतात, कोणी आजीपाशी ठेवतात. मागे राहिलेल्या मुलाच्या ताटात भात आणि मिरचीचा ठेचा एवढेच असू शकते. अशा मुलाला ‘समतोल आहाराचे चित्र काढा’ म्हणून घरचा अभ्यास देणे मला क्रूरपणाचे वाटते. त्याच्यासाठी शाळेतले एक वेळचे जेवण दाट, पूर्ण शिजलेले आणि पोटभर असणे, हेच पोषणाचे शिक्षण आहे. बाकीचे उपक्रम त्यानंतर.

पालक सभेत मुलांनी पेल्यातली साखर आणि बादलीचा आलेख मांडला, तेव्हा दुकानदारही बसला होता. त्याला कोणी दोष दिला नाही. पाच रुपयांत दुसरे काय देता येईल, असे एका आईने विचारले. आता त्याच्याकडे राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि हंगामात पेरू असतात. पाकिटेही टांगलेली आहेत आणि विकली जातात. लाडू तीन दिवसांत संपले नाहीत तर सादळतात, पाकीट महिनोन् महिने टिकते, ही त्याची अडचण खोटी नाही. म्हणून लाडू एकदम न आणता बचत गटाच्या बायकांकडून थोडे थोडे घ्यायचे त्याने ठरवले आहे.

पाचवीची मुले जूनमध्ये शेजारच्या गावातील मोठ्या शाळेत जातात. तिथे सहावीपासून जेवणाचे प्रमाण वाढते, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. यंदा जाताना त्यांनी उष्ट्याच्या नोंदींची एक नक्कल बरोबर नेली आणि तिथल्या सरांना ताणकाटा मागितला. सरांनी आधी मला फोन करून विचारले की हे नेमके कशासाठी आहे. मी त्यांना वाटाण्याची गोष्ट सांगितली, आणि कडधान्य आदल्या दिवशी भिजत घालता का, असे उलट विचारले.